जुनी छायाचित्रे : हरवलेली आणि सापडलेली

ही स्मरणिका काढण्याचे ठरले तेव्हा मंडळाच्या जुन्या कार्यक्रमांची छायाचित्रे तीत छापावीत, अशी सूचना कार्यकारिणीच्या बैठकीत आली आणि ती सर्वांनी मान्य केली. काम सोपे वाटले. विहाराच्या मागच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत जुनी पावतीपुस्तके, हिशेबाच्या वह्या आणि फोटो आहेत, हे सर्वांना माहीत होते. आम्ही ती उघडली. फोटो निघाले, पुष्कळ निघाले. काही एकमेकांना चिकटलेले, काहींना बुरशी लागलेली, तर काही कालच काढल्यासारखे स्वच्छ. परंतु बहुतेकांच्या पाठी कोऱ्या होत्या. बुद्धपौर्णिमा कोणत्या सालची, व्यासपीठावर भाषण करणारे गृहस्थ कोण, मागे दिसणारी चाळ अजून उभी आहे की पाडली, यातले काहीही कुठे लिहिलेले नव्हते.

त्यांतील एक फोटो आम्ही टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला. अर्धवट बांधलेल्या भिंतीसमोर पांढऱ्या साड्या नेसलेल्या स्त्रिया तीन रांगांत बसल्या आहेत. डाव्या टोकाला पाटी छातीशी धरलेली एक लहान मुलगी आहे. मागे पेन्सिलीने दोनच शब्द आहेत : 'दुसरी रांग'. कोणीतरी नावे लिहावयास बसले असावे आणि मध्येच उठून गेले असावे.

हा फोटो छापायचा तर त्याखाली काय लिहायचे, यावर आमच्यात वाद झाला. 'महिला मेळावा' असे लिहून मोकळे व्हावे, असे एकाचे म्हणणे पडले. दुसरे म्हणाले, मेळावा होता की धम्मवर्ग होता की कोणाच्या जलदानविधीला जमलेल्या बायाबापड्या होत्या, हे आपल्याला ठाऊक नसताना असे लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे होय. त्या वादातून हा लेख निघाला आहे. जगात जुनी छायाचित्रे कशी हरवतात, कशी सापडतात आणि सापडल्यावर ती कशामुळे बोलू लागतात, हे आम्ही जमेल तेवढे वाचून काढले. ते सभासदांपुढे, आणि विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांपुढे, ठेवत आहोत.

हरवणे म्हणजे नष्ट होणे नव्हे, याचे ठळक उदाहरण उत्तर ध्रुवाकडचे आहे. ११ जुलै १८९७ रोजी आन्द्रे, स्ट्रिंडबर्ग आणि फ्रेंकेल हे तीन स्वीडिश गृहस्थ वायूने भरलेल्या फुग्यात बसून ध्रुव गाठण्यास निघाले. तीनच दिवसांत फुगा बर्फावर उतरला. पुढे अनेक आठवडे ते गोठलेल्या समुद्रावरून पायी चालत राहिले आणि क्विटोया नावाच्या निर्जन बेटावर मरण पावले. जगाला यातले काही कळले नाही. १९३० मध्ये नॉर्वेजियन जहाजे त्या बेटाला लागली, तेव्हा त्यांचे अवशेष, रोजनिशी आणि कॅमेऱ्याच्या फिल्म सापडल्या. तेहतीस वर्षे बर्फात राहिलेल्या त्या फिल्म स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञाने अत्यंत सावकाशीने धुतल्या. सुमारे २४० पैकी ९३ चित्रे हाती आली. बर्फावर आडवा पडलेला फुगा आणि त्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे, शिकार केलेले अस्वल, असे सर्व त्यांत आहे. ते टिपणारा स्ट्रिंडबर्ग पंचवीस वर्षांचा होता.

हे कसे घडले? फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर प्रकाश पडला की डोळ्यांना न दिसणारा बदल होतो आणि रसायनात धुतल्यावर तोच बदल चित्र म्हणून दिसू लागतो. न धुतलेल्या फिल्मवरील हा अदृश्य ठसा उष्णतेने आणि ओलीने पुसत जातो. थंडीत सर्व रासायनिक क्रिया मंदावतात, म्हणून तो टिकला. २०१३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडील केप एव्हन्स येथील जुन्या लाकडी झोपडीत असाच एक लहानसा डबा सापडला. त्यात एकमेकांना चिकटलेल्या २२ निगेटिव्ह होत्या. शॅकल्टनच्या १९१४ ते १९१७ या काळातील मोहिमेच्या रॉस समुद्राकडील तुकडीने काढलेल्या होत्या त्या.

पण बर्फाची सोय सर्वांना नसते. बहुतेक छायाचित्रे बर्फात हरवत नाहीत, ती कपाटात हरवतात. म्हणून आम्हाला सर्वांत जास्त विचार करावयास लावले ते पॅरिसजवळच्या एका कपाटाने.

आल्बेर कान यांचा जन्म १८६० मध्ये फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील मारमूतिए या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. तरुणपणी ते पॅरिसला आले, बँकेत कारकून म्हणून लागले, आणि दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या व हिऱ्यांच्या खाणींच्या समभागांत त्यांनी इतका पैसा मिळविला की १८९८ मध्ये स्वतःची बँक काढली. हा पैसा खोल खाणीत उतरणाऱ्या मजुरांच्या घामातून आलेला होता, हे विसरून चालणार नाही. परंतु त्या पैशाचे त्यांनी जे केले ते फार थोड्या धनिकांनी केले असेल. शिक्षकांनी जग पाहावे म्हणून त्यांनी प्रवासवृत्त्या सुरू केल्या. माणसे एकमेकांना ओळखू लागली तर एकमेकांशी लढणार नाहीत, अशी त्यांची समजूत होती. १९१४ च्या महायुद्धाने ती समजूत खोटी पाडली, तरी त्यांनी काम सोडले नाही.

१९०८-०९ मध्ये कान जगप्रवासास निघाले. बरोबर मोटार चालविणारा आल्फ्रेद द्युतेर्त्र होता. कान यांनी त्याला फोटो काढावयास शिकण्याची व्यवस्था केली होती. त्या प्रवासातून मोठी कल्पना निघाली. जगातील निरनिराळ्या लोकांचे राहणीमान, घरे, बाजार, पोशाख, पूजाअर्चा हे सर्व झपाट्याने बदलणार आहे, पुष्कळसे नाहीसेच होणार आहे, तेव्हा ते नाहीसे होण्यापूर्वी टिपून ठेवावे. या संग्रहाला त्यांनी जे फ्रेंच नाव दिले त्याचा अर्थ 'पृथ्वीचे दप्तर' असा करता येईल. १९१२ मध्ये ज्याँ ब्रून या भूगोलाच्या प्राध्यापकांकडे कामाची सूत्रे दिली गेली. १९०९ ते १९३१ या काळात कान यांच्या पगारी छायाचित्रकारांनी सुमारे पन्नास देशांतून ७२,००० रंगीत काचा, सुमारे ४,००० द्विनेत्री चित्रे आणि १,८३,००० मीटर चलत्चित्रपट जमविला.

रंगीत काचा म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेल्या या पद्धतीचे नाव ऑटोक्रोम. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण, मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे, तीन रंगांत रंगवावयाचे : नारिंगी-लाल, हिरवा आणि जांभळट निळा. ते एकत्र मिसळून काचेवर एकपदरी पसरावयाचे आणि मधल्या फटी काजळीने बुजवावयाच्या. त्यावर प्रकाशाला संवेदनशील असा थर. प्रकाश आधी रंगीत कणांतून गाळला जातो आणि मग थरावर पडतो. लाल शालीचा प्रकाश लाल कणांतून पार होतो, हिरव्यात अडकतो. काच धुऊन पुन्हा उजेडासमोर धरली की त्याच कणांतून रंग परत डोळ्यांत येतात. रंगीत दूरदर्शन संचाच्या पडद्यावर भिंग धरून ज्यांनी ते तीन रंगांचे ठिपके पाहिले आहेत, त्यांना ही युक्ती लगेच उमजेल. बटाट्यातून जगाचे रंग निघाले, हे वाचून आम्हाला मौज वाटली.

या पद्धतीच्या दोन मर्यादा होत्या आणि दोन्ही पुढच्या कथेत महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे भर उन्हातही चित्र टिपण्यास सेकंदभर किंवा अधिक वेळ लागे. त्यामुळे माणसांना स्तब्ध उभे करावे लागे, आणि शेपटी हलविणारा बैल किंवा मान वळविणारा उंट चित्रात धूसर उमटे. दुसरी मर्यादा अशी की, प्रत्येक काच ही एकुलती एक. निगेटिव्हवरून जशा हव्या तितक्या प्रती काढता येतात तशा येथे येत नसत. ती पाहावयाची तर मागून उजेड सोडावा लागे आणि जास्त उजेडाने तिचे रंग विटत. म्हणजे ज्या वस्तूला दाखविल्याने इजा होते, अशी ही वस्तू होती. साहजिकच बूलोन येथील कान यांच्या घरी येणाऱ्या निवडक पाहुण्यांपलीकडे ती फारशी कोणी पाहिली नाही. त्या पाहुण्यांत रवीन्द्रनाथ टागोर होते. १९२१ मध्ये ओग्युस्त लेओं या छायाचित्रकाराने कान यांच्या बागेत काढलेली त्यांची रंगीत चित्रे आजही आहेत.

१९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि पुढील दोन-तीन वर्षांत कान यांची बँक बुडाली. मालमत्ता जप्त झाली, काम थांबले. सरकारी दप्तराने बाग व संग्रह विकत घेतला आणि कान यांना त्याच घरात राहू दिले. १९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कान वारले. स्वतःचा फोटो काढून घेणे त्यांना मुळीच आवडत नसे. सत्तर हजार चित्रांच्या या धन्याचे स्वतःचे फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

पुढची कित्येक वर्षे काचा पेट्यांत होत्या. त्या हरवल्या होत्या असे म्हणता येणार नाही, कारण त्या कोठे आहेत हे दप्तराला माहीत होते. पण कोणी विचारीत नव्हते. १९७० नंतर त्यांची पद्धतशीर मोजदाद व जुळणी सुरू झाली, २००७ मध्ये इंग्लंडच्या बीबीसीने त्यावर मालिका केली आणि मग जगाला धक्का बसला. पहिल्या महायुद्धापूर्वीचे जग आपल्या सर्वांच्या मनात करड्या रंगाचे होते. ते रंगीत होते, हे डोळ्यांनी दिसले. २०२२ मध्ये त्या जागी नवे संग्रहालय उघडले आणि हजारो चित्रे आता संगणकावर कोणालाही पाहता येतात.

आता मुख्य गोष्ट. या काचा पुन्हा उजेडात आल्या तेव्हा त्या उपयोगी पडल्या, कारण काढणाऱ्यांनी स्थळ आणि तारीख नोंदवून ठेवली होती. ब्रून हे भूगोलाचे प्राध्यापक असल्याने ती शिस्त त्यांनी लावली होती. स्तेफान पासे हा त्यांचा एक छायाचित्रकार १९१३ मध्ये मंगोलियातील उर्गा, म्हणजे आजचे उलानबातर, येथे गेला. त्याच्या काचांवर लामा आहेत, तंबू आहेत, लाकडी कुंपणे आहेत. त्या वेळी त्या देशात शेकड्यांनी बौद्ध मठ होते. १९३७ पासून तेथील राजवटीने मठ पाडले आणि हजारो भिक्षूंना ठार केले. उर्ग्याचा प्रसिद्ध गंदन विहार १९३८ मध्ये बंद झाला, तो १९४४ मध्ये पुन्हा उघडला. पासेच्या काचा म्हणूनच आज अमोल आहेत. जे पाडले गेले ते कसे दिसत होते, पिवळ्या चीवराची छटा नेमकी कोणती होती, हे त्या सांगतात. पासेला यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याने फक्त गावाचे नाव आणि दिवस लिहून ठेवला.

परंतु त्याच काचांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गावाचे नाव आहे, तारीख आहे, माणसाचे नाव मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. 'एक लामा', 'एक शेतकरी', 'बाजारातील एक स्त्री'. पासेने मंगोलियात काढलेले एक चित्र जगभर फिरले. लाकडी पेटीत कोंडलेली एक स्त्री भोकातून डोके व हात बाहेर काढीत आहे. एका अमेरिकन मासिकाने १९२२ मध्ये ते छापले. पुढे त्या स्त्रीविषयी व्यभिचाराच्या, उपासमारीने मरण्याच्या शिक्षेच्या हकिकती जोडल्या गेल्या. त्यातले काहीही काचेवर दिसत नाही. तिला स्वतःचे नाव होते, आई-बाप होते, कदाचित मुले होती. ते लिहिले गेले नाही म्हणून ती जगाच्या दृष्टीने कायमची 'पेटीतील बाई' झाली. नाव नसलेल्या माणसाविषयी कोणीही काहीही सांगू शकतो, आणि सांगतो. आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. इंग्रजी अमदानीतील कित्येक पुस्तकांत आपले पूर्वज नाव नसलेले, जातीच्या चिठ्ठीखाली उभे केलेले असे भेटतात.

याच्या उलट उदाहरण त्याच संग्रहात आहे. मार्गरीत मेस्पूले आणि मादलेन मिन्यों या दोन फ्रेंच स्त्रिया १९१३ च्या उन्हाळ्यात आयर्लंडला गेल्या. गॉलवे शहराला लागून असलेल्या क्लॅडा या कोळ्यांच्या वस्तीत त्यांनी लाल शाल पांघरलेली मुलगी, जाळी विणणारे, गवताने शाकारलेली घरे टिपली. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. लोकांशी बोलल्या आणि काय पाहिले ते लिहून ठेवले. १९३० नंतरच्या दशकात क्लॅडामधील ती घरे पाडून तेथे सरकारी घरे बांधली गेली. आज त्या वस्तीची मुले आपले जुने गाव त्या काचांवर आणि त्या टिपणांत पाहतात. एकाच धन्याचे पैसे, तीच काच, तोच बटाटा. फरक बोलण्याचा आणि लिहिण्याचा.

पासे १९१३ च्या अखेरीस हिंदुस्थानातही आला होता आणि मुंबईच्या रस्त्यांची रंगीत चित्रे त्याने काढली. ज्यांचे पणजोबा त्या काळी गिरणीत किंवा गोदीत कामाला होते अशी कितीतरी कुटुंबे आपल्या सभासदांत आहेत. ती चित्रे विद्यार्थ्यांनी आवर्जून पाहावीत. पणजोबा त्यात सापडतील असे नव्हे, पण ते ज्या रंगांतून रोज चालत गेले ते रंग दिसतील.

प्राण्यांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक कठोरपणे दिसते, कारण प्राणी नंतर येऊन आपले नाव सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस टास्मानिया बेट आहे. तेथे पाठीवर पट्टे असलेला, कांगारूप्रमाणे पोटाशी पिशवी असलेला मांसाहारी प्राणी होता. लोक त्याला टास्मानियन वाघ म्हणत. मेंढ्या मारतो म्हणून सरकारने १८८८ ते १९०९ या काळात त्याच्या शिकारीवर बक्षीस ठेवले आणि २,१८४ वेळा ते दिले. जुलै १९३६ मध्ये त्याला कायद्याने संरक्षण मिळाले. ७ सप्टेंबर १९३६ रोजी होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील शेवटचा प्राणी मेला. कायदा आणि शेवट यांत ५९ दिवसांचे अंतर!

डेव्हिड फ्ले यांनी १९३३ मध्ये पिंजऱ्यात शिरून त्याची चलत्चित्रे घेतली, तेव्हा त्या प्राण्याने त्यांच्या बैठकीचा चावा घेतला होता. अशी चित्रफीत फारच थोडी आहे. म्हणून २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहाने १९३५ च्या एका प्रवासपटातून सापडलेले अवघे २१ सेकंदांचे दृश्य प्रसिद्ध केले, तेव्हा ती जगभराची बातमी झाली. पण आम्हाला त्याहून विलक्षण वाटली ती २०२२ ची हकिकत. शेवटच्या प्राण्याचे कातडे आणि हाडे कोठे गेली, हे कोणालाच माहीत नव्हते. ती फेकून दिली असे मानले जाई. मग संशोधकांना संग्रहालयातील पेंढा भरणाऱ्या कारागिराचा १९३६-३७ सालचा एक अप्रकाशित अहवाल सापडला. त्या वर्षी कोणते प्राणी हाताळले याच्या यादीत या प्राण्याचा उल्लेख होता. त्यावरून शोध घेतला तर ते कातडे त्याच संग्रहालयाच्या कपाटात निघाले. बेकायदेशीरपणे पकडलेली ती म्हातारी मादी होती, म्हणून तिची रीतसर नोंद झाली नव्हती. मधल्या काळात तेच कातडे शाळाशाळांतून मुलांना दाखवावयास नेले जात असे आणि हीच ती शेवटची, हे ना शिक्षकांना माहीत ना मुलांना. यादीतल्या एका ओळीने ती ओळखली गेली.

डोंगर-दऱ्यांच्या छायाचित्रांविषयी थोडेच सांगतो. १९२१ मध्ये एव्हरेस्टची पहिली पाहणी झाली, तेव्हा जॉर्ज मॅलरी यांनी रोंगबुक हिमनदीचे फोटो काढले. त्यापूर्वी एकदा त्यांनी कॅमेऱ्यात काचा उलट्या घातल्यामुळे पुष्कळ मेहनत वाया गेली होती व चित्रे पुन्हा काढण्यासाठी डोंगर पुन्हा चढावे लागले होते. नवशिक्यांनी निराश होऊ नये! त्या काचा लंडनच्या भूगोल संस्थेत जपलेल्या होत्या. डेव्हिड ब्रेशिअर्स हे गिर्यारोहक २००७ मध्ये तो फोटो हातात घेऊन नेमक्या त्याच जागी जाऊन उभे राहिले आणि तसाच फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा दिसले की हिमनदीचा पृष्ठभाग सुमारे शंभर मीटर खाली गेला आहे. जागा नेमकी ठाऊक नसती तर १९२१ चा फोटो म्हणजे निव्वळ एक सुंदर देखावा राहिला असता. जागेमुळे ते बर्फाचे मोजमाप झाले.

आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगविण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये नेमण्यात आले. त्यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून कॅनव्हास रंगविले. ते इंग्लंडला पाठविले गेले आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात त्यांतील बहुतेक जळून गेले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांकडून नव्याने प्रतिकृती करवून घेतल्या. १८८५ मध्ये लंडनमधील दुसऱ्या आगीत त्यांतीलही पुष्कळशा गेल्या. हाताने काढलेल्या प्रती दोनदा जळाल्या. पण गिल हे कॅमेराही वापरीत. १८६४ मध्ये त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात लेणी आहेत, दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू आणि वन्यप्राणी, तेही प्रत्येक चित्र दोन डोळ्यांसाठी दोनदा काढलेले. छापील पुस्तकाच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या होत्या, म्हणून ती छायाचित्रे उरली. एकच प्रत जवळ ठेवणे किती धोक्याचे असते, हे अजिंठ्याने आपल्याला दोनदा दाखविले आहे.

आता पुन्हा आपल्या ट्रंकेकडे येतो, कारण आमचा खरा प्रश्न तेथेच होता.

सुरुवातीला सांगितलेला तीन रांगांचा फोटो आम्ही मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासद आजींच्या घरी घेऊन गेलो. त्यांना आता कमी दिसते. नातवाने मोबाइलवर फोटोचा फोटो काढून तो मोठा करून दाखविला. आजी प्रथम काहीच बोलल्या नाहीत. मग दुसऱ्या रांगेवर बोट ठेवून उजवीकडून एकेक नाव सांगू लागल्या. नावाबरोबर गाव, नवरा कोणत्या खात्यात होता, कोण कोणाची जाऊ, कोण लवकर गेली, हेही. आम्ही लिहून घेत होतो. पाचव्या चेहऱ्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हिचं नाव आठवत नाही बाळा, पण वंदना हीच सांगायची. आवाज लई गोड." मागची अर्धवट भिंत कोणती, असे आम्ही विचारले. "अरे, तुमची ट्रंक ठेवलीय तीच खोली की ती. विटा आम्हीच डोक्यावर वाहिल्या. त्या दिवशी काम थांबवून फोटो काढला." मेळावा नव्हता तर!

पाटी घेतलेली मुलगी कोण, हे अजून कळलेले नाही. तिसऱ्या रांगेतील फक्त दोन नावे मिळाली आहेत.

सभासदांना विनंती अशी की, घरी जुने फोटो असतील तर त्यांच्यावर बॉलपेनने लिहू नये. शाई पुढे उमटते आणि टोकाचा दाब पडून चित्रावर वळ उठतो. कागदी पाठीवर मऊ पेन्सिलीने कडेला हलक्या हाताने लिहावे. गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उमटत नसेल तर फोटो साध्या कागदी पाकिटात घालून पाकिटावर, फोटो आत घालण्यापूर्वी, लिहावे. चेहरे मोजताना पाहणाऱ्याच्या डावीकडून मोजावे आणि तसे स्पष्ट लिहावे. साल नक्की माहीत नसेल तर 'थोरल्याच्या लग्नाआधी' असे लिहिले तरी चालेल, त्यावरून साल काढता येते. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नयेत. मोबाइलवर प्रत काढून ठेवावी. पण व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठविलेला फोटो आकाराने लहान होऊन येतो, म्हणून मूळ प्रत वेगळी जपावी आणि ती दोन घरी असावी.

विद्यार्थ्यांपैकी ज्यांना सुट्टीत वेळ आहे त्यांनी ट्रंकेतील एकेक पाकीट घेऊन आपल्या वस्तीतील वृद्धांकडे जावे आणि नावे लिहून आणावीत. ट्रंक दर रविवारी वंदनेनंतर दोन तास उघडी ठेवण्यात येईल. तीन रांगांचा तो फोटो या अंकात पुढील पानावर दिला आहे. ज्यांची नावे मिळाली ती खाली छापली आहेत आणि राहिलेल्या जागा तशाच कोऱ्या ठेवल्या आहेत. डाव्या टोकाच्या मुलीला कोणी ओळखत असल्यास कृपया मंडळाला कळवावे.